कळीतली राख

नाही जी, टीबी नोहे. टीबी म्हनून सुया चालू आहेत, पन टीबी नोहे. त्या कोपऱ्यातल्या खाटेवर आहे तो माहा मोठा भाऊ, नथ्थूदादा. सरका थोडसे, बसतो. तुमची माय आहे न आत, लालबर्ऱ्याची? सकाळी पाह्यलं तुमाले, डब्बा घेऊन आले तवा. आमी किरनापुराकडचे. धान करतो — हौ, धानच. बरं, तुमी दूरचे मानूस, माय बरी झाली का जासान आपल्या गावाले, तुमाले सांगाले काय हरकत आहे? धान खाली बांधीत आहे, पान्याच्या वावरात. पन वर बरडावर, तुरीच्या आत, गांजा आहे. हळू बोलतो. त्या नर्सबाईले मराठी येत नाही म्हना, पन गांजा तं सगळ्यायलेच समजते.

दादा जवान होता तवा खंडव्याकडं मजुरीले गेलता. तिकडं लायसनची वावरं होती गांज्याची, उघडी, सडकेच्या बाजूले. तथी शिकला तो — नर झाड वळखाचं आन् फुलाच्या आधी उपटून फेकाचं, नाही तं मादीत बी भरते आन् माल हलका होते. येताना बी आनलं धोतराच्या गाठीत. लावलं आपल्या बरडावर. झाड असं आलं जी, का पाहातच राहावं. कळी घट्ट, मुठीएवढी. पन खंडव्याचा मुलूख कोरडा आन् आपला हा ओला. पाऊस गेला तरी चहूकडं बांध्यायनी पानी, सकाळी धुकं असं का पुढचा बैल दिसत नाही. घट्ट कळीत दव शिरलं का निघतच नाही. वरून हिरवीगार, आन् बोटानं फोडली तं आत राख — चुलीतल्यासारखी, भुरी, फुंकलं का उडे. बुरशी जी. सारं पीक गेलं. दुसऱ्या सालीही गेलं.

मंग सोडलं का दादानं? दादा नाही सोडत. बैहरकडच्या डोंगरात फकिरा म्हनून त्याचा सोबती, जंगल कटाईतला. त्याच्या आंगनात एक जात उभी — बारीक पानाची, विरळ कळीची, नशा म्हनाल तं नावाले, पन साऱ्या पावसात उभी आन् सडन नाही. दादा मले म्हने, 'महागू, सरकार ज्वारीचं हायबीड करते, मी ह्याचं करतो.' मी हासलो. तो नाही हासला. डोंगरातल्या नराच्या फुलाची भुकटी फडक्यात झाडून आनली आन् खंडव्याच्या मादीच्या एकाच फांदीवर लावली, कोंबडीच्या पिसानं, लेकराच्या डोळ्यात काजळ घालावं तशी. त्या बियाची झाडं निघाली — काही मायवर गेली, ते सडली. काही बापावर गेली, ते बिनकामाची. बीचातली ठेवली, त्यायचं बी धरलं, पुन्हा लावलं, पुन्हा निवडली. असे साल गेले जी. लोकायनी ताइचुन म्हनून नवं धान आनलं, पंप बसवले, आन् आमी दोघं भाऊ तुरीत वाकून.

आता कोनती कळी आतून गेली, हे कसं समजाचं? दादा एकेक फोडे, नाकाशी धरे, हुंगे. कोठ्याची सारी दारं बंद, बाहेर वास जाऊ नये म्हनून, आन् आत ते राख उडून राह्यली. मंग चिलमीत भरे. चांगला माल बाहेर जाचा आन् सडका आपन प्याचा, हे त्याचं. अनुसयावहिनी म्हने, 'फेका ते.' तो म्हने, 'प्यालो नाही तं समजन कसं?' पयले कोरडा खोकला, मंग दम, मंग रगत.

आन् यंदा साधलं. यंदाची कळी भरून आहे आन् आत साफ. म्या सोता फोडून पाह्यली. तोडाले आलं आहे पीक — आन् हा पडला.

डाक्तर चांगला आहे, त्याची गलती नाही. छातीचा फोटो काढला, सुया देल्ल्या, उतार पडून नाही राह्यला. परवा मले बाजूले नेलं. म्हने, 'ये टीबी जैसा नहीं लग रहा. ये आदमी काम क्या करता है? सड़ा भूसा, फफूंद लगा माल, ऐसा कुछ?' बुरशीचंच जी, बराबर तेच इचारलं. मी म्हनलं, 'धान, साहब. सिर्फ धान.'

काहून म्हनजे? दादानंच सांगून ठेवलं होतं. 'माल उतरू दे, मंग बोल.' त्याचंच म्हननं आहे, माहं नाही — हौ, तवा म्हनला, बंडीत टाकून आनलं तवा. काल? काल म्हनाल तं... काल त्यानं माहा हात धरला. बोलाले दम पुरत नाही आता. डाक्तरकडं बोट केलं, आन् मंग चिमूट नाकाशी नेली, कळी हुंगते तशी. पुन्हा केलं. मी म्हनलं, 'पानी पाह्यजे का, दादा?' आन् पानी पाजलं. त्यानं पेलं. माह्याकडं पाहात पेलं.

असं नका पाहू जी. ते बरड माह्या नावावर आहे. वाटनीत मले आलं. पोलीस आले तं खाटेवरच्या मानसाले काय करतीन? बेड्या मले पडतीन, दोन पोरी आहेत मले. आन् दवाई आहे का ह्याच्यावर? तुमाले माहीत नाही, मले माहीत नाही. वहिनीनं इचारलं, 'सांगितलं का डाक्तरले?' म्हनलं, हौ. तिले वाटते, सुया त्या बुरशीच्याच चालू आहेत. — बरं. बरं जी, सांगतो. आता गेलोच, तो साहेब आत आहे तवा — थांबा. वहिनी येऊन राह्यली.

वहिनी? बसा. बसा इथं. ... कवा गेला? आताच? ... हौ, वहिनी. सांगितलं होतं. परवाच. समदं सांगितलं, बियापासून. डाक्तरच्यानं जे झालं ते केलं त्यायनं.

हे? मले नाही माहीत, कोन आहेत. बाकड्यावर जागा होती, बसलो.

उठा जी तुमी. तिले बसू द्या.