बदकाची परतफेड

आमच्या कोलशेतच्या सोसायटीतल्या परांजपेने जीप घेतली आणि त्याची अक्कलच गेली. अनोळखी जीपवाल्याच्या बोनेटवर रबरी बदक ठेवायचं, ही म्हणे जीपवाल्यांची जगभरची पद्धत! शेजाऱ्याला कधी चहा विचारला नाही याने. खाडीजवळच्या एका कोळीण मावशींच्या जीपवर बदक ठेवून आला, गळ्यात स्वतःच्या नाव-पत्त्याची चिठ्ठी बांधून.

दुसऱ्या दिवशी याच्या बोनेटवर पिशवीभर सुके बोंबील, आणि त्यावर तुटून पडलेले कावळे. नवा रंग पार ओरबाडलेला. हा तणतणत मावशींकडे गेला. मजा बघायला मीही गेलो.

मावशी शांतपणे म्हणाल्या, "मोठा मानूस खेलनी वाटत फिरतो, मला वाटलं तुजा कामधंदा सुटला. म्हनून खायला पाठवलं."