रिमोटनं बंद

या मंडळी, जरा जवळ सरकून बसा. पंपाच्या दुकानात रांगेत उभा असताना माझ्या पुढच्या बाई आणि मिस्त्री यांचं कानी पडलेलं बोलणं सांगतो.

"दादा, काल तुम्ही आमच्या पोहण्याच्या तलावाच्या पंपाला रिमोट बसवलात ना? आता पंपाच्या झाकणाचं रबर द्या, लवकर."

"झाकण उघडलंय कुणी?"

"भाऊजींनी. पानं अडकलीत, हात घालून काढताहेत."

"भिंतीवरचा मोठा स्विच पाडून वीज तोडलीय ना?"

"कशाला? रिमोटनं बंद केलाय की."

"वहिनी, रिमोटनं बंद म्हणजे तो नुसता झोपलाय! बटण दाबलं की उठेल आणि बोटं ओढून घेईल. रिमोट कुठंय?"

"अगंबाई! माझ्या लेकीकडे, सोनीकडे. टीव्हीचा समजून खेळतेय."

"भाऊजींना फोन लावा!"

"वाजतोय नुसता. उचलत नाहीत."

"हात पंपात असल्यावर कसा उचलतील?"

"थांबा, सासूबाईंना लावते. आई, सोनीच्या हातातला रिमोट काढून घ्या! रडू दे तिला! घेतलात? आता भाऊजींना बोटं मोजायला सांगा."

"काय म्हणताहेत?"

"दहा आहेत. वर विचारताहेत, परीक्षा आहे का म्हणून."

"आधी स्विच पाडायला सांगा, मग हसा."

मंडळी, देव सगळ्यांचे हात शाबूत ठेवो; पण यंत्रात हात घालण्याआधी त्या भाऊजींची आठवण तेवढी ठेवा.