मंद ठेवलेली भट्टी

ऑपरेशन थिएटरबाहेरच्या बाकावर एक बाई तान्ह्याला थोपटत बसली होती. शेजारी पावाच्या भट्टीवरचा एक तरुण आणि त्याची आत्या कुजबुजत होते.

"आत्या, आत नेऊन चार तास झाले. शुद्धीवर आल्यावर बाबा मला ओळखतील ना?"

"भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या?"

"औषध चालू आहे तोवर मेंदू जवळजवळ निम्मीच साखर जाळतो म्हणे. निम्म्यावर कसं भागणार त्याचं?"

"सुट्टीच्या दिवशी आपण भट्टी विझवतो का रे?"

"नाही. मंद ठेवतो."

"का?"

"विझली तर पुन्हा तापायला दोन दिवस लागतात."

"मग? तुझ्या बापाचीही मंदच ठेवलीय. औषध उतरलं की चढेल."

"आणि नाही चढली तर?"

"तेव्हा रड. आत्ता हळू बोल, यांचं बाळ झोपलंय."

दार उघडून नर्स बाहेर आली.

"काका शुद्धीवर आलेत. मी म्हटलं, मुलगा नि बहीण दोघंही बाहेर बसलेत. तर विचारतात, मग भट्टीवर कोण आहे?"

"आत्या, तू सांगितलंस ना कुणाला?"

"मला वाटलं, तू सांगितलंस."

"म्हणजे विझली असणार."

"विझू दे रे. पेटवायला तुझा बाप आहे ना आता."