ढाणकीच्या वाटेवरचं गोत

...अन् एसटीनं काहून नाही गेले, म्हून इचारता? अहो, म्याबी तेच इचारलं! सकाळी बसलं असतं त संध्याकाळी ढाणकीत. पण आमची चंदाबाई काय म्हणते? "अजी गंगीचे बाप, एसटीतून नातेवाईक दिसत नाही!" आता नातेवाईक पाहाले चाललो होतो का आमी? पोरीची सोयरीक जमवाले चाललो होतो! गंगी माही एकुलती एक. दोन सोयरिकी जुळता जुळता फिसकटल्या. हा तिसरा पोट्टा, ढाणकीजवळच्या तांड्यातला खेमसिंग, तो तिले पसंत... मले कसं कळलं? दारव्ह्याच्या बाजारात तो एकदा बैल विकायले आलता, अन् दुसऱ्यांदा बैल नसतानाच आलता! तुमाले सांगतो, बाप काही आंधळा नसते.

जुंपली बैलबंडी. चार दिवसांची वाट. म्या म्हटलं, आपले आजे-पणजे लमाण, दोनशे बैलांवर मीठ लादून मुलूखभर फिरले, झाडाखाली निजले, आपल्याले कायले पाह्यजे नातेवाईक? पह्यल्या मुक्कामाले नाल्याकाठी मोहाच्या झाडाखाली सोडले बैल. काय हवा! काय गारवा!... अन् मंग मुंगळे! अहो, आज्याले मुंगळे चावत नव्हते का? का दोनशे बैलांत त्यांले आजा सापडतच नव्हता? सकाळी पाह्यतो त शिदोरी माकडांनी नेलेली, अन् झाडावर बसून, माह्याकडं पाहून पाहून खाऊन राह्यले! चंदाबाई एक शब्द बोलली नाही. चार शब्द बोलली असती त परवडलं असतं.

पुढं तांडा दिसला का ही उतरली बंडीतून, अन् दारातल्या बाईले म्हणते, "तुमचं माहेर कुठलं वो बाई?... असं का! मंग माह्या आत्याच्या नणदेले वळखत असान!" अन् निघालं नातं! खाट आली, पाणी आलं, भाकर-ठेचा आला, अन् जाताना बंडीत एक भोपळाबी आला. दिग्रसच्या पुढं देवसिंग म्हून एक भेटला, बिचारा विहिरीवर पाणी काढून राह्यला होता, हिनं त्याची बादली वर येऊ देली नाही. "तुमच्या काकीची बहीण दारव्ह्याकडं देली ना?" अन् निघालं नातं! आणखी एक भोपळा!

आता खरं सांगतो, मलेबी चटक लागली. बायकोच्या नात्यावर भाकर भेटते, त आपल्या नात्यावर कोंबडं काहून नाही? तिसऱ्या दिवशी तांडा दिसला का मी बंडीतूनच वरडो, "राम राम! अरे, आपण त भाऊ-भाऊ!" कोणाचा भाऊ, कसा भाऊ, कोण इचारते? अन् निघालं नातं! पुसदपर्यंत माहे अकरा भाऊ झाले.

पोचलो ढाणकीकडं. पोराचा बाप रूपसिंग चव्हाण, मी राठोड, गोत वेगळं, सगळं कसं बराबर! तांड्याचा नायक भीमसिंग, चार पंच, सतरंजी अंथरलेली. माह्या पोटात भूक. रूपसिंग हात जोडून पुढं आला, अन् माह्या तोंडातून... "राम राम! अरे, आपण त भाऊ-भाऊ!"

नायकानं मिशीवरून हात फिरवला, एकदा इकून, एकदा तिकून. "नेमसिंग, पंचांच्या समोर भाऊ म्हटलं तुमी. मंग तुमची पोरगी खेमसिंगची बहीण झाली. भाऊ-बहिणीची सोयरीक करता का?" म्या म्हटलं, "नायक, तसं त मी रस्त्यानं सगळ्यायलेच म्हणत आलो!" तो म्हणते, "म्हंजे सगळ्यायले खोटं बोलत आले?" हो म्हणावं त लबाड, नाही म्हणावं त पोरगी बहीण! मनातल्या मनात आईले हाक मारली, "याडी वो!" तिकडं घरी गंगी दारात उभी राहून बंडीची वाट पाहत असन... माह्या जिभेपायी पोरीचं मोडलं, हे कोणत्या तोंडानं सांगू तिले?

तेवढ्यात चंदाबाई पदर सारखा करून पुढं आली. "थांबा नायक. रूपसिंगच्या आईचं माहेर कुठलं?" वणीकडचं. "तिची थोरली बहीण सुखीबाई?" हो. "सुखीबाईची जाऊ अन् माही आई मानलेल्या बहिणी! म्हंजे रूपसिंग माहा भाऊ. यांनी आज भाऊ म्हटलं, मी जलमापासून बहीण हाओ. कोणतं नातं जुनं? साळ्याले कोणी लाडानं भाऊ म्हटलं त मनावर घेता का? अन् मामाचा पोरगा त हक्काचा!"

नायकानं नातं एका हाताच्या बोटांवर मोजलं, मंग दुसऱ्या हाताच्या मोजलं. "बराबर हाय," म्हणे.

अन् निघालं नातं! तुमाले सांगतो, मी तिथंच सतरंजीवर बसून ढसाढसा रडलो. रूपसिंग पाठीवर हात फिरवून राह्यला, अन् मले त्याले काय म्हणावं तेच सुचेना, म्हून काहीच म्हटलं नाही.

सोयरीक पक्की झाली, गंगी घरात गाणं म्हणून राह्यली, जीव भांड्यात पडला. पण चंदाबाईले सख्खा भाऊ नव्हता ना... आता भेटला. रूपसिंगचा निरोप आला, "दिवाळीले बहिणीले धाडा." म्हंजे पोरगी जाईन सासरी, बायको जाईन माहेरी, अन् घर एकच! अन् मी? मी तिथं जवई म्हून जावं का व्याही म्हून, ते पंच अजून ठरवून राह्यले. तवरोक मले सांगतलं हाय, नेमसिंग, तुमी घरीच थांबा... अन् कोणाले राम रामबी घालू नका!