गिअरच्या पिनेचा नमुना

साडूंच्या प्रेमाचं मला सांगू नका! पंचाहत्तरच्या सुमारास डिझेल पिकअपचे पार्ट सहज मिळायचे नाहीत. लोक सात रस्ता चौकाजवळच्या माझ्या लेथवर करून घ्यायचे. एकदा मंद्रूपच्या शिवप्पांनी गिअरच्या दांड्याची चांगली पिन पुढ्यात ठेवली.

"माझी वाटेत पडली. आसलीच करा, मिस्त्री."

"मग ही कुणाची?"

"साडूची. काल दुपारी झोपला हुता, तवर काढली. आज गुपचूप बसवतो की."

शिवप्पा चहाला गेले, तोवर त्यांचे साडूच हजर. "मिस्त्री, गाडीची पिन गायब हाय. नवी करा."

मी ती पिन हळूच फडक्याखाली सारली. "नमुना आणलाय?"

"न्हाय. पण शिवप्पाची तसलीच गाडी हाय. उद्या दुपारी घोरायला लागला की काढून आणतो!"