कुट्टीत गेलेलं सासऱ्यांचं घड्याळ

चहा घ्या, पण आधी हा डावा हात बघा. पाची बोटं हायती न्हवं? ती नशिबानं.

लग्नात सासऱ्यांनी मला साखळीचं घड्याळ घातलं. माझं मनगट हे असं काडीवाणी, त्यामुळं घड्याळ पार कोपरापर्यंत जायचं. बारामतीचा घड्याळवाला म्हणला, "तीन कड्या काढू, दोन मिनिटांचं काम हाय." पण सासरे आडवे आले. "काढू नगा. लग्नानंतर जावई अंगानं भरतील."

त्यांचा शब्द कसा मोडायचा? तीन वर्षं तसंच घातलं, पण मी काय भरलो न्हाय.

गेल्या महिन्यात गुरांच्या चाऱ्यासाठी कडबाकुट्टीच्या मशीनीत उसाचं वाढं, म्हंजी हिरवे शेंडे, सारत हुतो. एक शेंडा घड्याळाच्या साखळीत अडकला आन मशीननं हातच आत ओढला. मी वरडलो. बायको बटनाकडं पळाली. मी जीव खाऊन हिसडा मारला. घड्याळ हातातनं निसटून आत गेलं, कडाकडा वाजलं, मग मशीन थांबली.

"अवो, हात दावा."

मला बघायचं धाडस हुईना. तिनंच हात धरून बोटं मोजली. दोनदा.

दुसऱ्या दिवशी भवानीनगरहून सासरे आले. तुटक्या कड्या हातात घेऊन बघितल्या. स्वतःचं चामडी पट्ट्याचं घड्याळ काढून माझ्या हाताला बांधलं. शेवटच्या भोकातबी ढिलंच. त्यांनी दाभण मागितलं, पट्ट्याला नवं भोक पाडलं.

मी म्हणलं, "आबा, आजून भरंन की मी."

"भरू नगा," ते म्हणले. "हाय तेवढं शाबूत ऱ्हावा."