डॉक्टरांवर संशय घ्यावा, ही विनंती

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष आणि आपल्या रुग्णालयाचे मुख्य विश्वस्त, व्यासपीठावर बसलेल्या आपल्या नव्या डॉक्टरबाई, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते आपले डॉक्टर, वर खुर्ची ठेवलेली असूनही ‘मी खालीच बरी’ म्हणत पहिल्या रांगेत बसलेल्या डॉक्टरांच्या पत्नी म्हणजे आमच्या वहिनी, माझ्या सगळ्या सिस्टर, औषधखिडकीतले सहकारी, आणि आजारी पडून आम्हाला कामाला लावणारे तुम्ही सगळे पेशंट आणि तुमचे नातेवाईक, सर्वांना माझा नमस्कार.

मेट्रनला भाषण करायला लावू नये. आम्हाला सूचना देण्याची सवय असते. त्यातून मी स्वभावाने संशयी. आमचे हे म्हणतात, ‘तू सूर्य उगवला तरी खिडकीतून वाकून खात्री करतेस.’ करते! वॉर्डात काम करणाऱ्या बाईने ‘दिलं असेल’, ‘घेतलं असेल’ यावर विश्वास ठेवायचा म्हटलं तर पेशंट घरी कसे जाणार?

तर मी गौरवपर चार शब्द बोलेनच, पण आधी एक मागणं. ते तुम्ही पुरं करणार नाही अशी मला दाट शंका आहे, म्हणून आधीच सांगून ठेवते. गेल्या वर्षभरात आपल्या डॉक्टरांनी तुम्हाला जी औषधं लिहून दिली, त्यांच्यावर संशय घ्या. एकेकाने येऊन ती नव्या डॉक्टरबाईंकडून तपासून घ्या. तुमच्यातल्या काही जणांच्या जिवाचा प्रश्न आहे. आणि हे मी माझ्या मनाचं बोलत नाही, मला डॉक्टरांनीच बोलायला सांगितलंय.

बघा, सुरू झाली कुजबुज. अध्यक्षसाहेब, तुम्हीही घड्याळ बघू नका. ऐकून तर घ्या.

डॉक्टरांच्या गळ्यातला तो काळा पेनड्राइव्ह तुम्ही सगळ्यांनी पाहिलाय. दुसरे डॉक्टर स्टेथोस्कोप मिरवतात, आमचे डॉक्टर दोरीला बांधलेला पेनड्राइव्ह. तो पहिल्यांदा पाहिला तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली होती. आपलं मुख्य रुग्णालय इथे, पण दर आठवड्याला दोन बाहेरची केंद्रं चालतात, एक कारखान्याच्या ऑफिसात आणि एक शाळेच्या शिक्षकखोलीत. तिथले संगणक उसने. त्यात कोणाचे पगार, कोणाच्या परीक्षा, आणि जगातले सगळे व्हायरस. आपला इथला संगणक तर आठवड्यातून तीनदा आजारी. मग डॉक्टरांनी डोकं चालवलं. संगणक चालवणारी लिनक्स नावाची प्रणाली आणि पेशंटच्या नोंदींचा अख्खा कारभार त्या बोटभर ड्राइव्हवर बसवला. कुठल्याही संगणकाला लावायचा, संगणक त्यावरूनच सुरू करायचा, की तुमची सगळी दुखणी पडद्यावर हजर. ड्राइव्ह काढला की संगणकाला पत्ताच नाही आपल्याकडे कोण येऊन गेलं.

मी विचारलं, ‘म्हणजे नक्की काय करता डॉक्टर?’ तर म्हणाले, ‘मेट्रन, दुसऱ्याच्या घरी मुक्कामाला जायचं, पण आपली गादी आपणच न्यायची. रात्री अंथरायची, सकाळी गुंडाळून परत. यजमानांच्या कपाटाला हात लावायचा नाही.’ मला ते पटलं, पण निम्मंच. मी म्हटलं, आणि गादीच हरवली तर? त्यावर त्यांनी रोज संध्याकाळी तिची दुसरी प्रत काढून माझ्या कपाटात ठेवायला सुरुवात केली. पासवर्ड मात्र एकट्या त्यांच्याकडे. वर्षानुवर्षं हे सुरळीत चाललं. माझा संशय थकून झोपी गेला म्हणा ना.

तो जागा केला आपल्या सुतारबाबांनी. ते काय, तिसऱ्या रांगेत, मला डोळे वटारून गप्प बसा म्हणून सांगतायत. बाबा, तुमची परवानगी मी घेतलीय, आता माघार नाही! तर सुतारबाबांना रक्त पातळ राहण्याची गोळी चालू आहे. त्या गोळीचं प्रमाण फार सांभाळावं लागतं. एके दिवशी ते आले ते नाकाला फडकं लावून. हातावर काळेनिळे डाग. मी म्हटलं, कुठे पडलात? तर म्हणे, ‘कुठे नाही. तुमचे डॉक्टर म्हणाले तशी गोळी घेतोय.’ खिशातून दोन कागद काढले. एकावर गोळी निम्मी केलेली. त्यानंतरच्या कागदावर पुन्हा आधीइतकीच, म्हणजे दुप्पट. दोन्ही कागद आपल्याच प्रिंटरचे.

मी संगणकावर बघायला सांगितलं. गोळी निम्मी केल्याची नोंदच नाही. त्या दिवशी सुतारबाबा आलेच नव्हते म्हणे! कागद माझ्या हातात, तारीख कागदावर, आणि संगणक म्हणतो हा माणूस आलाच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी, कारण न सांगता, माझ्या कपाटातली दुसरी प्रत डॉक्टरांकडून सुरू करून घेतली. तिच्यातही नाही.

आता तुम्हीच सांगा, माझ्या जागी तुम्ही असता तर काय समजला असता? मी तेच समजले. डॉक्टरांच्या हातून चूक झाली आणि नोंद पुसून ते नामानिराळे झाले. पासवर्ड कोणाकडे? त्यांच्याकडे. ड्राइव्ह कोणाच्या गळ्यात? त्यांच्याच. मला इतका संताप आला की मी त्यांना चार दिवस गुड मॉर्निंगसुद्धा म्हटलं नाही. नुसती पाळत ठेवली.

पाळत ठेवल्यावर काय काय दिसायला लागतं! रोज सकाळी ड्राइव्ह लावला की डॉक्टर फोन घेऊन खिडकीशी जायचे. पाठमोरे उभे राहून हळू आवाजात बोलायचे, मग येऊन पासवर्ड टाकायचे. कोणाला फोन? आणि तो पासवर्डच्या आधीच का? मी खिडकीजवळच्या कपाटातले बँडेज उगाचच मोजायला लागले, पण डॉक्टर काही ताकास तूर लागू देईनात. माझ्या डोक्यात तर काय काय येऊन गेलं. कोणी औषध कंपनीवाला नोंदी विकत घेतोय, इथपर्यंत माझी मजल गेली. वहिनी, हसू नका. तुम्हाला मी दोनदा रस्त्यात गाठून आडून आडून विचारलं होतं ते याचसाठी.

शेवटी मी कागद घेऊन त्यांच्या खोलीत गेले. दार लावलं. म्हटलं, ‘डॉक्टर, सुतारबाबांचा दिवस कुठे गेला?’ त्यांनी दोन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. तारखा ताडून पाहिल्या. मग म्हणाले, ‘मेट्रन, गोळी निम्मी केली ते बरोबरच आहे, मीही तेच केलं असतं. पण यांना त्या दिवशी तपासल्याचं मला आठवत नाही.’

मला काय वाटलं असेल? मला वाटलं, नाटक करतायत. स्वच्छ सांगते.

मी तिथून हलले नाही. म्हटलं, आत्ता माझ्यासमोर हे यंत्र सुरू करा. त्यांनी ड्राइव्ह लावला. सुरू होताना पडद्यावर दोन ओळी येतात, त्या त्यांनीच घालून ठेवल्यात. वरची ओळ निवडली की लिहिलेलं सगळं ड्राइव्हवर राहतं. खालची नव्या सिस्टरना शिकवण्यासाठी. तिच्यात सगळं दिसतं, लिहिता येतं, कागद छापता येतो, पण ड्राइव्ह काढला की त्या बैठकीत, म्हणजे ड्राइव्ह लावल्यापासून लिहिलेलं सगळं पुसलं जातं. शिकणाऱ्या मुलीने गोंधळ घातला तरी खऱ्या नोंदींना धक्का लागू नये म्हणून किती विचार करून केलेली सोय! तर त्या दोन ओळी आल्या, आणि डॉक्टरांचं बोट बटणावर तसंच थांबलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, ‘मेट्रन, वरची का खालची?’

तेव्हा मला कळलं, सुतारबाबांचा तो दिवस खालच्या ओळीवर गेला होता. ते नाटक नव्हतं. इतकं वाईट नाटक कोणी करत नाही.

संध्याकाळी मी वहिनींकडे गेले. त्यांनी दार उघडलं आणि मी काही विचारायच्या आत म्हणाल्या, ‘सकाळचा फोन मलाच असतो. पासवर्ड मी सांगते. मला वाटलं, थकलेत.’ आम्ही दोघी त्यांच्या स्वयंपाकघरात बसलो आणि रडलो. डॉक्टर बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र वाचत होते. मग तेच उठून आत आले, म्हणाले, ‘रडून झालं असेल तर मोठ्या डॉक्टरांची वेळ घ्या.’ त्या तपासण्यांत काय निघालं ते मी इथे सांगत नाही, तुम्हाला कळलंच असेल. नाव फक्त अवघड आहे, गोष्ट सोपी आहे. त्यांचं विसरणं आता वाढत जाणार.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी पेशंट तपासणं बंद केलं. ड्राइव्ह गळ्यातून काढून नव्या डॉक्टरबाईंच्या हातात दिला. पासवर्ड वहिनींनी सांगितला. आता तुम्ही म्हणाल, झालं ना मग, निरोप द्या, गुच्छ द्या, जेवायला चला. तसंच ठरत होतं. आमंत्रणात ‘प्रकृतीच्या कारणास्तव’ असं छापलंय. अध्यक्षसाहेब, तुमचा हेतू चांगला होता. ‘माणसाने इतकी वर्षं सेवा केली, त्याला मानाने जाऊ द्या, रुग्णालयाचंही नाव राहू द्या,’ असं तुम्ही म्हणालात. मलाही क्षणभर तेच वाटलं.

पण डॉक्टर म्हणाले, ‘मेट्रन, किती बैठकी खालच्या ओळीवर गेल्या ते ड्राइव्ह सांगू शकत नाही आणि मीही सांगू शकत नाही. सकाळ वरच्या ओळीवर असेल आणि दुपार खालच्या. कोणाची गोळी मी बदलली, आणि पुढच्या वेळी न बदललेली बघून पुन्हा जुनीच दिली? सगळ्यांना बोलवा.’

आणि मी बोलावलं हो! चार-पाच जणांना सांगून पाहिलं. काय ऐकायला मिळालं सांगू? निवृत्त शिक्षिकाबाई म्हणाल्या, ‘डॉक्टरांवर संशय? अहो, माझी दोन्ही बाळंतपणं त्यांनी केली.’ इस्त्रीवाल्या काकांनी तर मला दारातून परत पाठवलं. आणि सुतारबाबा! नाकातून रक्त आलेला माणूस! काय म्हणावं यांनी? ‘डॉक्टरांनी दिलंय म्हणजे काहीतरी विचार करूनच दिलं असेल.’ डोक्याला हात लावला मी.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की इथला सगळ्यात मोठा धोका तुमचं प्रेम आहे. मी डॉक्टरांना म्हटलं, तुमचं लोक ऐकतील, तुम्हीच बोला. तर म्हणाले, ‘मी उभा राहिलो की लोक हळवे होतील आणि काहीच करणार नाहीत. तुम्ही बोला. संशय कसा घ्यायचा ते तुमच्याइतकं कोणालाच येत नाही.’ इतक्या वर्षांत माझ्या स्वभावाचं कौतुक करणारा हा एकच माणूस भेटला, आणि तोही आता जायला निघाला.

आणि हो, मी संशयी आहे हे सांगितलंच. परवा त्यांनी सांगितलेलं आज त्यांच्या लक्षात असेल का, याचाही मला संशय. म्हणून आज सकाळी वहिनींसमोर पुन्हा विचारलं, ‘डॉक्टर, सगळ्यांदेखत बोलू ना? नक्की?’ ते म्हणाले, ‘कशाबद्दल?’ वहिनींनी सगळं पहिल्यापासून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, आणि म्हणाले, ‘मग हे अजून सांगितलं कसं नाही?’ म्हणजे त्यांना ते आठवत नव्हतं, तरी उत्तर तेच आलं. मला यापेक्षा मोठं प्रमाणपत्र कोणाचं देता येणार नाही.

तेव्हा ऐका. उद्या सकाळपासून नव्या डॉक्टरबाई पहिल्या खोलीत बसतील. ड्राइव्ह लावलेला असेल, वरच्या ओळीवर, मी स्वतः बघणार आहे. घरातले औषधांचे सगळे कागद घेऊन या, जुनेसुद्धा. चुरगळलेले चालतील. गोळ्यांची पाकिटंही आणा. आपल्या मनाने कोणतंही औषध बंद करू नका, मी ओळखते तुम्हाला. जे येणार नाहीत त्यांच्या घरी मी येईन, आणि मी आले की चहा न घेता जात नाही, हे लक्षात ठेवा. सुतारबाबा, पहिला नंबर तुमचा. मान हलवू नका.

आता आभार. माईक बंद करायला हात पुढे करूनही तो मागे घेतल्याबद्दल अध्यक्षसाहेबांचे आभार. दुसऱ्याचं अवघड काम न कुरकुरता अंगावर घेतल्याबद्दल डॉक्टरबाईंचे. वहिनी, तुमचे आभार मानले तर तुम्ही रागावाल, म्हणून मानत नाही. डॉक्टर, तुम्ही मघापासून माझ्याकडे बघून हसताय. मी कोण ते आत्ता माहीत आहे ना? असू दे, उद्या पुन्हा सांगेन.

इतका वेळ शांतपणे ऐकून घेतलंत. माझ्या बोलण्यात काही चुकलं असेल, कोणाचं मन दुखावलं असेल, तर मोठ्या मनाने माफ करा. डॉक्टरांच्या लिहिण्यात काही चुकलं असेल, तर आज माफ करू नका. आधी तपासून घ्या, मग करा.